‘परदेशात एमपीएच करा, इथं पीएसएममध्ये काही नाही’: फिरत्या मेसेजला उत्तर

नीट-पीजीचा, म्हणजे एमबीबीएसनंतरच्या प्रवेशपरीक्षेचा, निकाल लागला की हा मेसेज फिरायला लागतो. यंदा मला तो तीन इंटर्नांनी पाठवला आणि एका मुलीच्या वडिलांनीही. मजकूर थोडक्यात असा: क्लिनिकल (रुग्ण तपासायची) ब्रँच मिळाली नाही तर पीएसएममध्ये, म्हणजे प्रिव्हेंटिव्ह अँड सोशल मेडिसिन किंवा कम्युनिटी मेडिसिनमध्ये, तीन वर्षं वाया घालवू नका, तिथं फक्त शिकवणं आणि घरोघरी सर्व्हे. त्यापेक्षा इंग्लंड-अमेरिकेत वर्ष-दोन वर्षांचं एमपीएच (मास्टर ऑफ पब्लिक हेल्थ) करा. परवान्याची परीक्षा नाही, थेट पब्लिक हेल्थ डॉक्टर, पुढं डब्ल्यूएचओ. भारतात पब्लिक हेल्थमध्ये करिअरच नाही.

मी स्वतः कम्युनिटी मेडिसिनमध्ये एमडी केलं आहे, म्हणून हे मनाला लागतं हे खरं. पण घरावर कर्ज काढून पोरीला पाठवायला निघालेल्या बापाला पूर्ण माहिती मिळायला हवी. एकेक दावा घेतो.

‘एमपीएच केलं की तिकडं पब्लिक हेल्थ डॉक्टर.’ साफ चूक. इंग्लंडमध्ये या विषयाचा कन्सल्टंट व्हायला साधारण पाच वर्षांचं प्रशिक्षण लागतं. त्यात शिरायच्या आधी डॉक्टरकडे तिथल्या फाउंडेशनच्या, म्हणजे पदवीनंतरच्या पायाभूत प्रशिक्षणाच्या, दोन वर्षांइतका अनुभव हवा, जीएमसीची (तिथल्या जनरल मेडिकल कौन्सिलची) नोंदणी हवी, आणि देशपातळीवरच्या निवडीतून मोजक्या जागांपैकी एक मिळायला हवी. एमपीएच हा त्या पाच वर्षांतला सुरुवातीचा टप्पा. पुढं फॅकल्टी ऑफ पब्लिक हेल्थच्या दोन परीक्षा आणि वेगवेगळ्या ठिकाणी देखरेखीखाली काम. एवढं झाल्यावर नाव स्पेशालिस्टांच्या यादीत जातं. नुसतं एमपीएच करून परतलेल्या मुलानं या शिडीच्या पहिल्या पायरीची फी भरलेली असते, शिडीवर त्याला कुणी घेतलेलं नसतं.

अमेरिकेत प्रिव्हेंटिव्ह मेडिसिनची रेसिडेन्सी आहे: एक वर्ष क्लिनिकल, मग दोन वर्षं, एमपीएच त्यातच. पण आत जायला यूएसएमएलई (तिथली परवान्याची परीक्षा) आणि ईसीएफएमजी (परदेशी डॉक्टरांना लागणारं प्रमाणपत्र) यांचा रस्ता चुकत नाही. कॅनडात हीच रेसिडेन्सी पाच वर्षांची. ऑस्ट्रेलियातही एमपीएचच्या जोडीला तीन वर्षांचं प्रशिक्षण आहेच.

‘परवाना लागत नाही.’ जिथं लागत नाही, ती नोकरी डॉक्टरची नसते, इतकंच. अमेरिकेतल्या एमपीएचच्या वर्गात शेजारी नर्स, पशुवैद्य, समाजशास्त्राचा पदवीधर बसलेला असतो. इंग्लंडनं तर स्पेशालिस्टचं प्रशिक्षणही डॉक्टर नसलेल्यांना खुलं केलं आहे. मला यात काहीच वावगं वाटत नाही. साथरोगशास्त्र ही कुणा एकाची जहागीर नाही. पण आपल्या एमबीबीएसला तिथं वेगळं वजन मिळेल असं समजून जाऊ नका. शिवाय २०२५ मध्ये यूएसएड ही अमेरिकी सरकारची परदेशी मदत देणारी संस्था बंद झाली, सीडीसी या तिथल्या रोगनियंत्रण संस्थेत मोठी कपात झाली. या क्षेत्रातल्या कितीतरी नोकऱ्या त्याच पैशावर चालत होत्या. मेसेजमध्ये याचा उल्लेखही नाही.

‘पीएसएम म्हणजे सर्व्हे.’ हा दावा करणाऱ्यानं एकदा गॅस्ट्रोच्या साथीत आमच्याबरोबर यावं. रेसिडेन्सीच्या दुसऱ्या वर्षी एका प्राथमिक आरोग्य केंद्राच्या हद्दीत मी तशी साथ पाहिली. ओपीडीच्या रजिस्टरमध्ये नाव, वय, सलाईन एवढंच होतं. आशाताईंना शेजारी बसवून आम्ही प्रत्येक नावापुढं आळी लिहायला लागलो. अर्ध्या तासात दिसलं की जवळजवळ सगळी नावं खालच्या आळीतली. मग काचेच्या नळ्या आणि पाण्यातलं क्लोरीन तपासायचं ओटीचं (ऑर्थोटोलिडिनचं) द्रावण घेऊन निघालो. टाकीजवळच्या नळाचं पाणी थेंब पडताच पिवळं झालं, म्हणजे क्लोरीन होतं. ग्रामपंचायतीनं टीसीएल (ब्लिचिंग) पावडर टाकली होती, पावडर टाकल्याचं सांगणारा गावचा जलसुरक्षक खरं बोलत होता. उताराला शेवटच्या नळावर मात्र पाणी होतं तसंच पांढरं राहिलं. मधल्या टप्प्यात पाइप गटारातून जात होता आणि तिथंच फुटला होता. माझे सर गटाराच्या कडेला उकिडवे बसून तो जोड बोटानं दाखवत होते, ते मला आजही दिसतं. तीन वर्षांत ग्रामीण आणि शहरी आरोग्य केंद्रांवर आमचं हेच शिक्षण झालं. आपल्या गावचं पाणी, आपली आशा, आपला सरपंच यांच्यासह हे शिकवणारा परदेशी वर्ग मला ठाऊक नाही.

पाइप फुटलेला सापडला, तो बदलून घ्यायचा अधिकार मात्र माझ्याकडं नव्हता. अर्ज, विनंत्या, फोन यांत दिवस गेले. मेसेजमधल्या शेवटच्या दाव्यात, ‘करिअरच नाही’ यात, जेवढं खरं आहे ते इथं आहे. आपलं प्रशिक्षण हलकं नाही. त्या प्रशिक्षणासाठी राखलेली पदं आपल्याकडं तोकडी आहेत. अनेक राज्यांत आयुष्यभर रुग्ण तपासलेला डॉक्टर सेवाज्येष्ठतेनं आरोग्य प्रशासनात जातो आणि साथरोगशास्त्र खुर्चीत बसल्यावर शिकतो. त्यात त्या डॉक्टरचा दोष नाही. २०१७ च्या राष्ट्रीय आरोग्य धोरणानं प्रत्येक राज्यात सार्वजनिक आरोग्याची वेगळी केडर, म्हणजे त्याच कामासाठीच्या अधिकाऱ्यांची स्वतंत्र सेवा, असावी असं सांगितलं, २०२२ मध्ये केंद्रानं मार्गदर्शक सूचनाही काढल्या. त्यांचा पाठपुरावा आपण डॉक्टरांनी जेवढ्या जोरात करायला हवा होता, तेवढा केलेला नाही, याची मला चीड येते.

आणि हे भारतात जमत नाही असंही नाही. मद्रास प्रांताचा सार्वजनिक आरोग्य कायदा १९३९ चा आहे. तमिळनाडूत त्यासाठी स्वतंत्र संचालनालय आणि स्वतंत्र केडर आहे. तुलना करायला लंडनच कशाला हवं? श्रीलंकेत कळुतरा इथं १९२६ मध्ये पहिलं हेल्थ युनिट सुरू झालं. तेव्हापासून ठरलेल्या हद्दीचा एक मेडिकल ऑफिसर ऑफ हेल्थ, त्याच्या हाताखाली इन्स्पेक्टर आणि मिडवाइफ, अशी घडी तिथं बसली आहे. स्पेशालिस्ट व्हायला तिथंही कोलंबोत एमडी करावं लागतं. त्या देशाला २०१६ मध्ये मलेरियामुक्तीचं प्रमाणपत्र मिळालं.

राहिला डब्ल्यूएचओ. तिथल्या आंतरराष्ट्रीय पदांना वर्षांत मोजलेला अनुभव लागतो. आपल्याकडच्या कितीतरी डॉक्टरांनी तो अनुभव इथंच मिळवला. १९९७ मध्ये पोलिओसाठी राष्ट्रीय सर्वेक्षण प्रकल्प सुरू झाला, जिल्ह्याजिल्ह्यांत सर्व्हेलन्स मेडिकल ऑफिसर नेमले गेले. अचानक पाय लुळा पडलेलं मूल शोधायचं, चौदा दिवसांच्या आत, चोवीस तासांच्या अंतरानं शौचाचे दोन नमुने घ्यायचे, बर्फात ठेवून प्रयोगशाळेत पोचवायचे. जीपमध्ये हाडं खिळखिळी करणारं हे काम होतं. देशातला शेवटचा रुग्ण १३ जानेवारी २०११ चा, हावड्याचा.

एमपीएचच करायचं असेल तर तिरुवनंतपुरमच्या अच्युत मेनन सेंटरमध्ये ते १९९७ पासून आहे, मुंबईत टिसमध्ये (टाटा इन्स्टिट्यूट ऑफ सोशल सायन्सेस) आहे. एमडीनंतर साथींचा माग काढणं शिकायचं असेल तर दिल्लीच्या एनसीडीसीत (राष्ट्रीय रोग नियंत्रण केंद्रात) २०१२ पासून दोन वर्षांचा इंडिया ईआयएस (एपिडेमिक इंटेलिजन्स सर्व्हिस) हा प्रशिक्षणक्रम चालतो, अमेरिकेत १९५१ मध्ये सुरू झालेल्या ईआयएसच्या धर्तीवर.

परदेशी जाऊच नका असं मी त्या वडिलांना सांगितलं नाही. पैसे भरण्याआधी विद्यापीठाला पत्र लिहून दोन गोष्टी विचारा म्हटलं: गेल्या तीन वर्षांत तुमच्याकडून एमपीएच झालेले भारतीय एमबीबीएस आज नेमक्या कुठल्या पदावर आहेत, आणि त्यांतल्या किती जणांना त्या देशात डॉक्टर म्हणून नोंदणी मिळाली. पत्राचा मसुदा मीच करून दिला आहे. अजून कुणाला हवा असेल तर जरूर मागा.