टाच आणि राजहंसगडचा चढ
एका पळणाऱ्याचा लेख हाती आला, वर्षात चार हाफ मॅरेथॉन (२१ किमीच्या शर्यती) आणि मधेच टाचेचं दुखणं, लेखकाने लपवाछपवी न करता लिहिलंय, वाचून माझंच वर्ष आठवलं. मी बेळगावचा, वय ४३, रोज पहाटे टिळकवाडीच्या व्हॅक्सिन डेपोच्या आवारात पळतो, झाडी आहे, बरं वाटतं. जानेवारीत १० किमी ५८ मिनिटांत झाली, झालं, डोक्यात हवा गेली आणि आठवड्याला २५ किमीवरून एकदम ४५ वर गेलो, वर रविवारी राजहंसगड किल्ल्याचा चढ. मे महिन्यात सकाळी पलंगावरून पाय खाली टेकवला की टाचेत खिळा घुसल्यासारखं व्हायचं, थोडं चाललं की कमी, म्हणून मी आपला पळतच राहिलो, तिथंच चुकलं. प्लांटर फॅसायटिस, म्हणजे टाचेखालच्या जाड पट्ट्याचं दुखणं. आई म्हणालेली, "पाय दुखूलालाय तर पळतोस कशाला?" डॉक्टरांनी पण तेच सांगितलं, फक्त फी घेऊन.

मग अख्खा पावसाळा घरात. एक गोष्ट लेखात राहिली ती सांगतो, पोटरी आखडली की टाचेखालच्या पट्ट्यावर ताण येतो, त्यामुळं नुसते महागडे शूज घेऊन भागत नाही (माझे साडेसात हजार गेले). भिंतीला टेकून पोटरीचं स्ट्रेचिंग, पायरीवर टाचा वर-खाली, आणि बर्फाच्या बाटलीवर तळपाय फिरवायचा, कंटाळा येतो पण महिने लागतातच. नोव्हेंबरात २१ किमी पळालो, २ तास २४ मिनिटं. पोरगा म्हणतो, "पप्पा, चालत आलासा काय?" राजहंसगड परत सुरू केलाय, पण पंधरा दिवसांतून एकदाच.