इंद्रायणीला पुन्हा फेस आलाय

आला! आळंदीत इंद्रायणीला पुन्हा फेस आला. वारी तोंडावर आली की हा फेस टीव्हीवर दिसतो. मग साहेब लोक घाटावर येतात, बाटलीत नमुने भरतात, कुणाला तरी नोटीस निघते आणि पालखी पुढे सरकली की सगळं थंड.

फेस काय आभाळातून पडतो? पिंपरी-चिंचवड पट्ट्यातले कारखाने, वर्कशॉप आणि नदीकाठच्या गावांचं, सोसायट्यांचं प्रक्रिया न केलेलं सांडपाणी. त्यात आपल्या घरातली कपडे धुण्याची पावडरही आली बरं का, नुसतं कारखान्यांकडे बोट दाखवून सुटका नाही. असलं पाणी बंधाऱ्यावरून आपटलं की फेस होणारच! सांडपाण्यातल्या नायट्रोजन-फॉस्फरसवर जलपर्णी माजते, पाण्यातला प्राणवायू घटतो, मासे मरतात, डासांची चंगळ. मग जलपर्णी काढायचं टेंडर. नाले मात्र तसेच चालू!

आणि वारकरी? तो बिचारा हातानं फेस बाजूला सारून डुबकी मारतो, वर तीर्थ म्हणून ओंजळभर तोंडात घेतो. त्याला कोण काय सांगणार?

हेच पाणी तुळापूरला भीमेत, भीमेतून उजनीत. उजनीवर सोलापूर तहान भागवतं, पुढे पंढरपूर आहेच. तिकडे शेवाळानं पाणी हिरवं झालं की आपण हळहळतो, जणू ते कुठून आलं ठाऊकच नाही.

एवढं होऊन घाटाला रंगीत दिवे आणि नवी रेलिंग. अरे, आधी त्या नाल्यांची तोंडं बंद करा की!