कालवा काढताय? आधी नदीची अडचण दूर करा

मराठवाड्यात मोठा कालवा काढायचा तर पैशाची काळजी करू नका. त्यासाठी ‘सुप्रमा’, म्हणजे वाढीव खर्चाची सुधारित प्रशासकीय मान्यता असते, आणि एक सुप्रमा संपली की दुसरी मिळते. खरी अडचण नदीची. ती नेमकी कामाच्या मध्ये येते, आणि वर तिच्यात काहीबाही जिवंत असतं.

तेव्हा पक्ष्यांची पाहणी मे महिन्यात उरकून घ्या. नाथसागरावर, म्हणजे जायकवाडी धरणाच्या जलाशयावर, पट्टकदंब, चक्रवाक ही मंडळी थंडीत उतरतात आणि ऊन तापायच्या आत निघून जातात. मेमध्ये दुर्बीण लावली की बाभळी आणि भेगाळलेला गाळ दिसतो. ‘प्रकल्पक्षेत्रात स्थलांतरित पक्षी आढळले नाहीत’ हे वाक्य मग अगदी खरं ठरतं. फक्त नदीतल्या वाळूच्या बेटांवर जाऊ नका. नदीसुरय ही पाणपाखरी त्याच दिवसांत तिथे उघड्या वाळूत अंडी घालते, आणि ती ठिपकेदार अंडी बूट पडेपर्यंत दिसत नाहीत. वरून आवर्तन, म्हणजे धरणातलं पाळीचं पाणी सोडलं की तीही अडचण उरत नाही.

जायकवाडी 1986 पासून पक्षी अभयारण्य आहे, असं कुणी म्हणालंच तर डगमगू नका. धरण माणसाने बांधलं, पक्षी नंतर आले, असं ठासून सांगा. वरच्या अंगाला नांदूर मध्यमेश्वरला रामसरचा, म्हणजे आंतरराष्ट्रीय महत्त्वाच्या पाणथळीचा दर्जा मिळाल्याचं 2020 मध्ये जाहीर झालं, तोही जुन्या बंधाऱ्यात साचलेल्या गाळाच्या जिवावर. म्हणजे बांधलं की पाखरं येतातच, तुमच्या कालव्यावरही येतील. (उथळ चिखलात चरणारा पक्षी सिमेंटच्या उतारावर काय खाईल, हा विषय टप्पा दोनमध्ये घ्यायचा.)

आता अस्तरीकरण, म्हणजे कालव्याला आतून काँक्रीटचा थर देणं. जायकवाडीचा डावा कालवा 208 किलोमीटर, उजवा 132. एवढ्या लांबीत पाणी मुरतं, काठची रानं चिबडतात, म्हणून अस्तर हवंच, गुळगुळीत हवं. झालेलं काम बघायचं तर आवर्तन संपल्यावर कालव्यात उतरा. पाण्याच्या रेषेवर शेवाळाचा वाळलेला पट्टा असेल. त्याच्या वर काँक्रीटवर पांढरे ओरखडे दिसले, जोडीजोडीने, तर ठेकेदाराला दोष देऊ नका. काळवीट प्यायला उतरतं, खूर घसरतो, मग ते काठाकाठाने जागा शोधत जातं. ओरखडे पन्नास-साठ पावलं दिसतात, पुढे नाहीत. ठरावीक अंतरावर खडबडीत उतार ठेवला तर जनावर वर येऊ शकतं. पण मग अंदाजपत्रकात काळविटाचा रकाना काढावा लागतो, आणि तो खर्चाच्या कुठल्या हेडखाली टाकायचा यावर दोन वर्षं फाईल फिरते.

जनसुनावणी पेरणीच्या आठवड्यात लावा. बाकी काही करावं लागत नाही.

तरीही कुणी नदीत थोडं पाणी वाहतं ठेवा म्हणालाच, तर त्याला 2016 ची लातूरची आठवण द्या. मिरजेहून रेल्वेने पाणी आलं होतं की नाही? आलं होतं. तहान खरी होती, त्यामुळे समोरचा गप्प बसतो. तुमचं पाणी मात्र लातूरच्या कोणत्या नळाला जाणार, हे सांगत बसू नका. ‘ऊस’ हा शब्द तर सभा संपेपर्यंत तोंडातून निघता कामा नये. टेलचा, म्हणजे कालव्याच्या शेवटच्या टोकाचा शेतकरी उठून उभा राहिला तर त्याला चहा द्या. पाणी त्याच्यापर्यंत पोचत नाही, निदान चहा तरी पोचू दे.

पैठणला भाषण असेल तर नाथांचं नाव घ्यावंच लागतं. घ्या, पण तहानलेल्या गाढवाच्या तोंडात गंगेची कावड रिकामी केल्याची गोष्ट काढू नका. रामेश्वरासाठी मंजूर झालेलं पाणी सक्षम प्राधिकाऱ्याच्या परवानगीशिवाय दुसऱ्याच लाभार्थ्याकडे वळवलं, असा त्याचा अर्थ निघतो.

भूमिपूजनाला कलशात गोदेचं पाणी लागेल. पात्रात उतरायच्या भानगडीत पडू नका, चपला चिखलाने भरतात. मंडपामागे बाटल्यांचे खोके ठेवलेले असतील, त्यातली एक ओता. लेबल तेवढं आधी काढा, फोटोत येतं.