पासपोर्ट संपेपर्यंत कुठंही जाता येतं? त्या मेसेजचं उत्तर

कृषी केंद्रवाल्यांच्या, उमराहच्या आणि लुंबिनी-श्रीलंका सहलींच्या ग्रुपांवर एक मेसेज फिरतो आहे: “पासपोर्ट संपायच्या आदल्या दिवसापर्यंत कुठंही जाता येतं. सहा महिने मुदत शिल्लक हवी हा नियम एजंटांनी काढलाय. व्हिसा मिळाला की कोणी अडवत नाही. नवा पासपोर्ट आधीच काढला तर जुन्याचे उरलेले महिने त्यात जोडून मिळतात.” यावर भरवसा ठेवून तिकीट काढलं तर पैसे बुडू शकतात.

“नियम एजंटांनी काढलाय.” नियम आपण जातो त्या देशाचा असतो. दुबईसाठी उतरण्याच्या दिवसापासून सहा महिने मुदत शिल्लक लागते, बालीसाठीही तेच. युरोपातल्या शेंगेन देशांना (एकाच व्हिसावर फिरता येणाऱ्या) परतीच्या तारखेपुढे तीन महिने आणि दोन कोरी पानं लागतात. ब्रिटनला मुक्कामापुरती मुदत चालते. अमेरिकेचा सर्वसाधारण नियम सहा महिन्यांचा आहे, पण भारतीयांना त्यात सूट आहे. म्हणजे “सगळीकडे सहा महिने” हेही चूकच.

गफलत होते ती मोजण्यात. कृषी केंद्रवाल्यांसाठीची बियाणं कंपनीची दुबई टूर 20 नोव्हेंबर 2026 ला उतरणार आणि पासपोर्ट 10 मे 2027 ला संपणार, असं समजा. वरवर पाहता सहा महिने आहेत. पण लागतात 20 मेपर्यंत. दहा दिवस कमी, म्हणजे माणूस विमानतळावरूनच परत.

“व्हिसा मिळाला की कोणी अडवत नाही.” अडवतो तो विमान कंपनीचा काउंटर. नियमात न बसणारा प्रवासी नेला तर त्याला परत आणण्याचा खर्च, आणि बऱ्याच देशांत वर दंडही, कंपनीवर पडतो. मग तिथं कितीही हातापाया पडा, बोर्डिंग पास मिळत नाही. शिवाय दुबईचा ई-व्हिसा पासपोर्ट क्रमांकावर निघतो. नंतर पासपोर्ट बदलला तर तो व्हिसा कामाचा राहत नाही. म्हणून आधी पासपोर्ट, मग व्हिसा. अमेरिकेचा चालू व्हिसा मात्र जुन्या, रद्द पासपोर्टात असला तरी चालतो. दोन्ही पुस्तिका सोबत ठेवायच्या.

“उरलेले महिने जोडून मिळतात.” मिळत नाहीत. मोठ्यांचा नवा पासपोर्ट निघाल्या तारखेपासून दहा वर्षांचा असतो, उरलेले महिने सोडून द्यायचे. मुदत संपण्याच्या वर्षभर आधीपासून ‘री-इश्यू’चा, म्हणजे जुन्याच्या जागी नवा पासपोर्ट काढण्याचा, अर्ज करता येतो. 36 पानांसाठी 1500 रुपये, तत्काळला वर 2000. जुना मूळ पासपोर्ट आणि त्याच्या पहिल्या दोन व शेवटच्या दोन पानांच्या सही केलेल्या झेरॉक्स न्यायच्या. विदर्भाचं प्रादेशिक पासपोर्ट कार्यालय नागपूरला आहे. काही जिल्ह्यांत मोठ्या पोस्टातही केंद्र आहे.

खेड्यात काम अडतं ते पोलीस पडताळणीत. मुलगा पुण्याला कामाला आणि अर्जात पत्ता गावचा. पोलीस ठाण्याचा जमादार आला तेव्हा मुलगा घरी नसला तर “राहत नाही” असा शेरा जातो. राहतो तोच पत्ता टाका.

पोरांचा पासपोर्ट वेगळा तपासा. तो सहसा पाच वर्षांचाच असतो, त्यामुळे आईबापाचा चालू आणि लेकराचा संपलेला, हे फार होतं.

नेपाळातल्या लुंबिनीला जाणाऱ्यांना पासपोर्ट नसला तरी मतदार ओळखपत्र चालतं. नुसतं आधार कार्ड मात्र 15 वर्षांखालच्या आणि 65 वर्षांवरच्यांनाच.