अकरा महिने आणि चोवीस दिवस

परवा गुरुवारी, ९ जानेवारी २०२५ ला, सकाळी टीव्हीसमोर बसून जिमी कार्टर यांचा अंत्यविधी बघितला. वॉशिंग्टनच्या नॅशनल कॅथेड्रलमध्ये पाच आजी-माजी-भावी राष्ट्राध्यक्ष दोन रांगांत बसले होते. ओबामा आणि ट्रम्प शेजारी शेजारी, काहीतरी बोलत, हसत. लग्नात नको असलेला व्याही शेजारी आला की आपण बोलतो ना, तसंच. आमची ही म्हणाली, "बघ, आणि इकडे तुझा तो व्हॉट्सअ‍ॅप ग्रुप फुटला."

ग्रुपचं नंतर. आधी कार्टर.

मी १९७८ च्या ऑगस्टमध्ये या देशात उतरलो तेव्हा व्हाइट हाउसमध्ये कार्टर होते. पुढच्याच उन्हाळ्यात पेट्रोलची टंचाई आली. न्यू जर्सीत गाडीच्या नंबरचा शेवटचा आकडा सम की विषम, त्यावर पेट्रोल भरायचा दिवस ठरायचा. आम्ही तिघांत मिळून एक जुनी डॉज घेतली होती, नंबर विषम. सम तारखेला आम्ही पायी. तेव्हा मला हा माणूस दुबळा वाटायचा. सगळ्यांनाच वाटायचा. १९८० मध्ये तो सपाटून हरला तेव्हा तो ५६ वर्षांचा होता. मी स्वतः निवृत्त झालो ६८ व्या वर्षी, म्हणजे त्याच्यापेक्षा बारा वर्षं उशिरा, आणि तेही कुरकुरत.

हरल्यावर तो प्लेन्स नावाच्या आपल्या खेड्यात परत गेला. लोकांची घरं बांधायला हातोडी घेऊन उभा राहिला आणि नारूच्या मागे लागला. नारू म्हटल्यावर माझ्या वयाच्या मराठी माणसाच्या अंगावर अजून काटा येतो. मराठवाड्यात माझ्या आजोळी आजीच्या पोटरीतून निघणारा तो जंताचा पांढरा दोरा काडीला गुंडाळून रोज बोटभर बाहेर काढलेला मी पाहिलाय. तुटला तर पाय सुजायचा, म्हणून घाई करायची नाही. १९८६ मध्ये जगात नारूचे ३५ लाखांच्या आसपास रुग्ण होते. आता वर्षाला पंधराच्या आतबाहेर. व्हाइट हाउसमधल्या चार वर्षांपेक्षा त्यानंतरच्या चार दशकांत या माणसानं जास्त काम केलं, असं माझं मत. तुम्ही भांडू शकता.

हे सगळं आठवलं कारण सरलेलं वर्षभर माझ्या डोक्यात एकच प्रश्न होता. म्हाताऱ्या माणसाला थांब म्हणायचं कोणी?

वर्ष कसलं, नुसती घुसळण होती. मे महिन्यात माजी राष्ट्राध्यक्ष ट्रम्प ३४ गुन्ह्यांत दोषी ठरला, जुलैच्या पहिल्या तारखेला सुप्रीम कोर्टानं त्याच माणसाला अधिकृत कृत्यांसाठी संरक्षण दिलं, १३ जुलैला पेनसिल्व्हेनियातल्या बटलरला त्याच्या कानाला गोळी चाटून गेली आणि सभेला आलेला एक निरपराध माणूस जिवानिशी गेला. सप्टेंबरात फ्लोरिडात गोल्फ कोर्सवर दुसरा बंदूकवाला सापडला. मधल्या मध्ये आमच्या न्यू जर्सीचे सिनेटर मेनेंडेझ. त्यांच्या घरी सोन्याच्या विटा निघाल्या, कोटांच्या खिशांत नोटांची पुडकी निघाली, आणि जुलैत ज्युरीनं दोषी ठरवलं तरी खुर्ची सोडायला त्यांनी महिना लावला. आमच्याकडे घरातलं सोनं म्हणजे मुलीच्या लग्नाच्या पाटल्या. शेजारचा गोरा मला विचारतो, "तुम्ही भारतीय लोक सोनं ठेवता ना घरात?" काय बोलणार!

पण मला सगळ्यात जास्त लागली ती २७ जूनची रात्र, राष्ट्राध्यक्ष बायडन आणि ट्रम्प यांच्या वादविवादाची. अटलांटाचा स्टुडिओ, समोर प्रेक्षक नाहीत. बायडन बोलायला लागले आणि आवाज घशातच अडकला. मग एका वाक्याच्या मध्येच दोर हरवला, आणि शेवटी "आम्ही मेडिकेअरला हरवलं" असं काहीतरी बाहेर पडलं. मेडिकेअर म्हणजे म्हाताऱ्यांचा सरकारी आरोग्य विमा. मी नोंदणीकृत डेमोक्रॅट. खिशात मेडिकेअरचं ते लाल-पांढरं-निळं कार्ड. सोफ्यावर बसलेलो, आणि लाज वाटली ती त्यांची नव्हे, ओळख पटल्याची. शब्द जिभेवर आहे, येत नाही, आणि समोरचा वाट बघतोय, हे मला होतं. भाजीवाल्यासमोर होतं म्हणून खपतं.

आता माझी गोष्ट सांगतो. २०२२ च्या डिसेंबरात, संध्याकाळी साडेसहाच्या अंधारात गाडी वळवताना मी आमच्याच गल्लीतल्या एका घराची टपालपेटी आडवी केली. समोरच्या दिव्यांचा भपका डोळ्यांवर आला आणि खांब दिसलाच नाही. पेटी नवीन आणून दिली, माफी मागितली. घरी आल्यावर मुलगी म्हणाली, "बाबा, रात्रीची गाडी तू आता चालवायची नाहीस." मी म्हटलं, दिवे झगमगतात हल्लीच्या गाड्यांचे, माझा काय दोष? मग चष्म्याचा नंबर बदलला. मग म्हटलं, फक्त देशी दुकानांच्या ओक ट्री रोडपर्यंत, तेवढंच तर आहे. मग म्हटलं, पाऊस नसेल तेव्हा. रात्रीची किल्ली मी खऱ्या अर्थानं हिच्या हातात दिली ती २०२३ च्या नोव्हेंबरात. अकरा महिने.

बायडन यांनी वादविवादाच्या रात्रीपासून निवडणुकीतून माघारीच्या पत्रापर्यंत चोवीस दिवस घेतले. त्यातही देवानं स्वतः खाली येऊन सांगितलं तरच थांबेन, असं एका मुलाखतीत म्हणून झालं. तेव्हा त्यांना हसणाऱ्यांत मी होतो. नंतर हिशेब केला आणि हसू जिरलं.

माझा राग त्यांच्यावर नाहीच. राग आहे तो आजूबाजूच्यांवर. माझ्याकडे तोंडावर बोलणारी मुलगी होती आणि गल्लीत पडलेली टपालपेटी पुरावा म्हणून होती. त्या माणसाभोवती शेकड्यांनी पगारी माणसं होती, आणि सगळी पेटी उचलून परत उभी करत होती. फेब्रुवारीत एका सरकारी चौकशी अहवालात त्यांच्या स्मरणशक्तीबद्दल स्पष्ट लिहिलं होतं, तेव्हा आमच्या पक्षानं अहवाल लिहिणाऱ्यालाच झोडपलं. मीही फेसबुकवर झोडपलं होतं, कोणाला आठवत असेल तर. मिनेसोटाचे खासदार डीन फिलिप्स, पंचावन्न वर्षांचे, बायडन यांच्याविरुद्ध पक्षातूनच उघड उभे राहून सांगत होते की हे वय झेपणार नाही. त्यांना वेड्यात काढलं. मार्चमध्ये ते बिचारे घरी गेले. जूनच्या प्रायमरीत, म्हणजे पक्षाचा उमेदवार ठरवणाऱ्या मतदानात, मी स्वतः मुकाट्यानं बायडन यांच्यापुढे खूण करून आलो. शेवटी कान टोचणाऱ्यांत आमच्याच पक्षाच्या माजी सभापती, ८४ वर्षांच्या नॅन्सी पेलोसी पुढे. त्यांना ते जमलं, कारण त्यांनी स्वतःची नेतेपदाची खुर्ची सोडत असल्याचं २०२२ मध्येच जाहीर केलं होतं.

आणि हे फक्त आमच्या पक्षाचं नाही. ट्रम्प यांच्या रिपब्लिकन पक्षाचे तेव्हाचे सिनेटमधले नेते मिच मॅकॉनेल माइकसमोर दोनदा गोठून उभे राहिलेले जगानं पाहिलं. सिनेटर फाइनस्टाइन ९० व्या वर्षी पदावर असतानाच गेल्या. टेक्ससच्या ८१ वर्षांच्या खासदार के ग्रेंजर यांनी जुलैनंतर सभागृहात एकदाही मत दिलेलं नव्हतं आणि त्या वृद्धांच्या निवासात राहतात, हे मतदारांना डिसेंबरात बातमीतून कळलं. ट्रम्प यांनी ऑक्टोबरात फिलाडेल्फियाजवळच्या सभेत प्रश्नोत्तरं थांबवली आणि जवळजवळ चाळीस मिनिटं गाणी लावून डुलत उभे राहिले. माझ्या ग्रुपमधल्या त्यांच्या चाहत्यांना ती रसिकता वाटली. हेच बायडन यांनी केलं असतं तर? असं मी लिहिलं, आणि तिथून ग्रुप फुटला. पंचवीस वर्षं एकत्र गणपती बसवणारे आम्ही, सात जण एका रात्रीत बाहेर पडले. त्याआधी बायडन यांच्या जागी उभी राहिलेली कमला हॅरिस आपली की ट्रम्प यांच्या उपराष्ट्राध्यक्षपदाच्या उमेदवाराची बायको उषा व्हान्स आपली यावर आठवडाभर चर्चा झाली होती. एक तमिळ मुळाची, एक तेलुगू. आपली कुठली, हे मला अजून कळलेलं नाही.

निवडणुकीच्या दिवशी मी मतदान केंद्रावर कामाला होतो. निवृत्त झाल्यापासून जातो. मिडल स्कूलच्या जिममध्ये, बास्केटबॉलच्या रिंगखाली टेबलं. सव्वापाचला हजर व्हायचं, सहाला दारं उघडतात, रात्री आठला बंद. नोव्हेंबरात पहाटे पाचला काळोख, म्हणून हिनं गाउनवर कोट चढवून मला सोडलं. टेबलावर दोन्ही पक्षांची माणसं बसवतात. माझ्या शेजारी रिपब्लिकनांकडून एक्क्याऐंशी वर्षांच्या एक बाई. बायडन यांच्याच वयाच्या. टॅब्लेटवर मतदाराचं नाव काढायचं, सही जुळवायची, हे काम त्यांचं. खुर्चीत बसल्या बसल्या त्यांनी मला सांगितलं, "माझं चुकलं तर तिथल्या तिथे सांगायचं. माझं वय बघून गप्प बसायचं नाही."

अकराच्या सुमाराला चुकलं. एका गृहस्थांकडे टपाली मतपत्रिका गेलेली होती. आमच्याकडे असा मतदार केंद्रावर आला तर त्याला यंत्रावर मत देता येत नाही, तात्पुरती कागदी मतपत्रिका द्यावी लागते आणि ती नंतर तपासून मोजतात. पडद्यावर तशी सूचना होती, बाईंच्या नजरेतून सुटली. गृहस्थ यंत्राकडे निघाले. मी म्हटलं, थांबा. ते भडकले, "माझं मत चोरताय तुम्ही!" ट्रम्प यांच्या चाहत्यांसारखी लाल टोपी होती डोक्यावर, मी सावळा, पुढचं तुम्हाला कळलंच. बाई उठल्या. म्हणाल्या, "चूक माझी आहे, हे बरोबर सांगताहेत. इकडे बसा, मी कागद देते." ते बसले. कागद भरला, पाकीट चिकटवलं. जाताना माझ्याकडे बघितलं नाही, पण बाईंनी आणलेली बिस्किटं दोन उचलून गेले.

रात्री आठनंतर आम्ही आकडे जुळवले. सह्या इतक्या, यंत्रावरची मतं इतकी, पाकिटं इतकी. पहिल्या फेरीत एकाचा फरक आला. पुन्हा मोजलं, बसला. तोवर टीव्हीवर देश रंगवायला सुरुवात झालेली होती. सकाळपर्यंत निकाल लागला आणि पुढे सातही कुंपणावरची राज्यं ट्रम्प यांच्याकडे गेली, ३१२ विरुद्ध २२६. आमच्या न्यू जर्सीत २०२० मध्ये बायडन सुमारे सोळा टक्क्यांनी जिंकले होते, हॅरिस सहाच्या आसपास. किराणा दुकानात अंड्यांच्या भावाबद्दल बायका काय बोलत होत्या, ते मी वर्षभर ऐकत होतो. ऐकून सोडून देत होतो. हरण्याचं दुःख झालं, आश्चर्य वाटल्याचं सोंग मात्र मी करणार नाही.

६ जानेवारीला वॉशिंग्टनमध्ये बर्फ पडत असताना संसदेच्या इमारतीत उपराष्ट्राध्यक्ष म्हणून हॅरिस यांनी स्वतःच्या पराभवाचे आकडे स्वतः वाचून दाखवले. चार वर्षांपूर्वी याच तारखेला त्याच इमारतीत ट्रम्पसमर्थकांच्या जमावानं काय धुडगूस घातला होता, ते आपण सगळ्यांनी बघितलंय. यावेळी अर्ध्या-पाऊण तासात काम आटोपलं. आता २० तारखेला ७८ वर्षांचे ट्रम्प शपथ घेतील. शपथेच्या दिवशी बायडन जेवढ्या वयाचे होते, त्यापेक्षा ते काही महिन्यांनी मोठे असतील. त्यांना तोंडावर बोलणारी मुलगी आहे का, मला माहीत नाही.

काल त्या बाईंचा फोन आला. जूनमध्ये गव्हर्नरची प्रायमरी आहे, पण त्या येणार नाहीत. "डोळे. त्या दिवशी चुकलं ना." टॅब्लेटच्या खुर्चीसाठी तुमचं नाव सांगते, म्हणाल्या. मी वर्षं मोजली, माझी. चौऱ्याहत्तर. होऽऽ, बसेन की, म्हटलं.

ही स्वयंपाकघरातून ऐकत होती. "आणि पहाटे सोडायला कोण?"

जूनमध्ये पाचला उजाडलेलं असतं. सूर्योदयाची वेळ मी बघून ठेवली आहे.