‘कात्री तिनेच ठेवली होती ना?’ – एका प्रतिक्रियेला उत्तर

तुमची प्रतिक्रिया मिळाली, दोन ओळींत उडवून लावावी अशी ती नाही म्हणून वेगळं लिहितोय. जपानी कलाकार योको ओनोच्या ‘कट पीस’वर, म्हणजे प्रेक्षकांनी स्टेजवर येऊन तिच्या अंगावरचे कपडे कात्रीने कापायचे त्या प्रयोगावर, मी जे लिहिलं त्यावर तुमचं म्हणणं असं की बाई स्वतः स्टेजवर बसली, कात्री स्वतःच पुढ्यात ठेवली, या आणि कापा म्हणाली, मग कोणी कापलं तर त्यालाच नावं ठेवायची हा निव्वळ सापळा. शिवाय १९६४ला पहिल्यांदा झालेल्या प्रयोगाला आजचं ‘कन्सेंट’, म्हणजे संमती, चिकटवणं ही माझी हौस, आणि तिथे पुरुष बसला असता तर मी एक अक्षर लिहिलं नसतं.

आधी सापळ्याचं बघू. मी जे लिहिलं ते न्यूयॉर्कच्या कार्नेगी रिसायटल हॉलमधल्या मार्च १९६५च्या प्रयोगाबद्दल, कारण माहितीपट बनवणाऱ्या मेझल्स बंधूंनी तो शूट केलाय आणि कोणीही बघू शकतं. ओनो पाय दुमडून बसलीय, अंगावर मुद्दाम चांगल्यातले कपडे, चेहरा कोरा. लोक एकेक करून येतात, एखादा तुकडा कापतात आणि तो घेऊन खाली उतरतात, बरेच जण तर अवघडलेलेच दिसतात. मग एक तरुण येतो आणि हा काही हलायचं नाव घेत नाही, आतल्या स्लिपला कात्री लावतो, मग ब्राच्या पट्ट्या कापतो, खालून लोक टोकतायत तरी गडी रंगात आलेला. इतका वेळ दगडासारखी बसलेली ओनो हातांनी छाती झाकते, पण उठत नाही.

आता तुम्ही म्हणता त्याने नियम मोडला नाही. बरोबर, नाहीच मोडला! परवानगी सगळ्यांना सारखीच होती, किती कापायचं याचं नेमकं माप ठरलेलं नव्हतं, आणि म्हणूनच एकाने बाहीचा कोपरा घेतला नि दुसऱ्याने पट्ट्या, हा फरक ओनोच्या खात्यावर कसा टाकणार? ‘घर आपलंच समजा’ म्हटल्यावर पाहुणा जाऊन कपाट उघडायला लागला तर आपण यजमानाला दोष देतो का? आणि तिला हवं तेव्हा प्रयोग थांबवता येत होता, सूचनांमध्येच तसं आहे, हे तुमचं म्हणणंही खरं. पण तिचे हात वर गेले तेव्हा तो हातभर अंतरावर होता, त्याला काय दिसलं नसेल?

‘ती काही बोलली नाही’ हे वाक्य आपल्याकडे फार जुनं आहे, आणि १९६४च्या काळावर मी आजचं काही लादत नाहीये ते त्यामुळेच. १९७२ साली तेव्हाच्या चंद्रपूर जिल्ह्यातल्या देसाईगंजच्या पोलीस चौकीत एका आदिवासी मुलीवर बलात्कार झाल्याची केस झाली, हायकोर्टाने दोन पोलिसांना दोषी धरलं आणि १९७८ला सुप्रीम कोर्टाने सोडून दिलं. का, तर अंगावर जखमा नाहीत, आरडाओरडा केल्याचं दिसत नाही. त्यावर देशभर रान उठलं, १९८३ला कायदा बदलला, आणि शारीरिक प्रतिकार केला नाही एवढ्यावरून संमती होती असं धरायचं नाही हे कायद्यात स्पष्ट शब्दांत यायला २०१३ उजाडलं. त्या तरुणाला मी पोलिसांच्या रांगेत बसवत नाहीये, तो एका कलाप्रयोगात आलेला प्रेक्षक होता, गल्लत नको. पण गप्प बसलेल्या बाईकडे बघून तिचं म्हणणं आपणच ठरवून टाकायचं, ही खोड काही इंटरनेटबरोबर आलेली नाही.

हां, ओनो स्वतः या प्रयोगाबद्दल बोलते ती देण्याच्या भाषेत, हे मान्य. भुकेल्या वाघिणीला स्वतःचं शरीर देणाऱ्या बुद्धाची जातककथा तिने सांगितली आहे. कलाकाराने आपल्याला हवं ते द्यायचं नाही, समोरच्याला हवं ते घेऊ द्यायचं. पण दान म्हटलं तरी घेणाऱ्याचे हात कसे चालले ते दिसतंच की.

मरीना अब्रामोविच या दुसऱ्या कलाकाराच्या प्रयोगाचं उदाहरण तुम्ही दिलंत ते तर उलट माझ्याच बाजूने जातं. १९७४, नेपल्स, टेबलावर ७२ वस्तू, लोकांनी त्या तिच्यावर हव्या तशा वापरायच्या, सगळी जबाबदारी माझी असं तिने लिहून दिलेलं, सहा तास. कपडे कापले, मानेवर चिरलं, भरलेलं पिस्तूल तिच्या डोक्याला लागलं तेव्हा प्रेक्षकांमध्येच जुंपली. वेळ संपल्यावर ती हलली, लोकांकडे चालत निघाली, तर लोक पसार. लिहून दिलं होतं ना? मग पळायचं कशाला?

‘मर्यादा आधीच का नाही सांगितली’ असंही तुम्ही विचारलंय. एकदा सांगितली. २००३ला पॅरिसमध्ये, वयाच्या सत्तरीत, ओनो पुन्हा बसली आणि या वेळी सूचना होती की पोस्टकार्डाहून मोठा तुकडा कापू नका आणि तो आपल्या प्रिय व्यक्तीला पाठवा. चांगलं आहे, पण मला खरं सांगायचं तर थोडं गोग्गोड वाटलं.

राहता राहिला पुरुष. ओनोच्या सूचनांमध्ये बसणारी व्यक्ती बाईच हवी असं कुठेही नाही आणि नंतर पुरुषांनीही हा प्रयोग केलाय. पुरुष बसल्यावर लोकांच्या कात्र्या कुठे जातात, किती लवकर जातात, कोण हसतं, यावर मी आनंदाने लिहीन. तुमच्या बघण्यात तसं रेकॉर्डिंग असेल तर लिंक टाका.