एकदा सर्व्हिस रोडला वळून बघा

काकती, वंटमुरी घाट, यमकनमर्डी, हत्तरगी, संकेश्वर, तवंदी घाट, निपाणी. बेळगावहून कोल्हापूरला जाताना लागणारी ही नावं मला तोंडपाठ आहेत, पण ती हिरव्या पाट्यांवरून. लग्नाला वीस वर्षं झाली. या वीस वर्षांत या रस्त्याने शेकडो वेळा गेले असेन, आणि यातल्या एकाही गावाच्या पेठेत उतरले नव्हते. माझी आई निपाणीची, तरीही. आजी गेली, मामा पुण्याला गेले, घर विकलं, आणि निपाणीला वळायचं कारणच उरलं नाही.

गेल्या दुसऱ्या शनिवारी मात्र वळलो. मुलांना कोल्हापूरच्या मॉलला जायचं होतं. मागच्या वेळी गेलो तेव्हा महामार्गावरच्या एका मोठ्या फूड कोर्टात जेवलो होतो. पाच माणसांचं बिल बघून आई गप्प झाली होती, आणि ताटातली भाकरी तर रबरासारखी. परतीच्या वाटेवर ती एवढंच म्हणाली, "निपाणीच्या एवढ्या जवळून गेलो, आणि जेवलो कुठं?" ते वाक्य माझ्या डोक्यातून गेलं नाही. म्हणून मी मुलांना सांगितलं, मॉल पुढच्या वेळी. या वेळी आज्जीचं गाव.

सकाळी साडेसातला निघालो. थोरली आठवीत, धाकटा चौथीत, दोघांची तोंडं फुगलेली.

पहिला मुक्काम संकेश्वर. तिथं थांबायचं माझ्या मनात तिखट करायचं होतं म्हणून. फेब्रुवारी-मार्च म्हणजे आपल्याकडे मिरची घेऊन वाळवायचे, देठं मोडायचे आणि डंकावर नेऊन कुटून आणायचे दिवस. संकेश्वरी मिरचीचं नाव आपण सगळेच घेतो, पण ती संकेश्वरात जाऊन किती जण घेतात? आधी एका टपरीवजा हॉटेलात उप्पीट आणि शिरा खाल्ला. दोन्ही एकाच बशीत, मधे लिंबाची फोड. मग बाजारात गेलो.

मिरचीच्या दुकानात शिरल्या शिरल्या पाचही जणांना शिंका. दुकानदाराने हसून दाराजवळ बसायला स्टूल दिलं, आणि मग आईची आणि त्यांची जी चर्चा सुरू झाली ती अर्धा तास चालली. एका पोत्यात ब्याडगी, सुरकुतलेली, गडद. दुसऱ्यात संकरित. तिसऱ्यात, जरा आत ठेवलेली, संकेश्वरी जवारी. लांब, बारीक, नुसती हातात घेतली तरी बोटं चुरचुरतात. ब्याडगी रंगाला, जवारी तिखटाला, दोन्ही मिळून आपलं तिखट होतं. जवारीचा भाव ऐकून माझ्या नवऱ्याने दोनदा विचारलं. दुकानदार म्हणाले, "साहेब, हिला उतारा कमी आणि तोडणीला माणूस जास्त. शेतकरी संकरितकडं गेला त्याला मी काय बोलू? पण ज्याला वास कळतो त्यो हीच मागतो." आईने एक मिरची मोडून नाकाजवळ धरली आणि एक किलो जवारी घेतली, तीन किलो ब्याडगी.

धाकट्याने मला विचारलं, जवारी म्हणजे काय? हा शब्द आपण इतका सहज वापरतो की त्याचा अर्थ सांगायला थांबावं लागलं. जवारी मिरची, जवारी कणीस, जवारी कोंबडी, जवारी अंडी. पुण्याला माझी मामेबहीण 'गावरान' म्हणते, 'गावठी' म्हणते. आपल्याकडे मराठी माणूसही जवारी म्हणतो आणि कन्नड माणूसही. दुकानदाराने त्याच वेळी पलीकडच्या गिऱ्हाईकाला "एन बेकरी?" म्हणजे काय पाहिजे, असं कन्नडमध्ये विचारलं, आमच्याकडे वळून "अजून काय देऊ, आक्का?" म्हटलं, आणि हमालाला काय सांगितलं ते अर्धं या भाषेत, अर्धं त्या.

भाषेचा विषय आलाच आहे तर मनातलं लिहिते. आमच्या घरात सीमाप्रश्न तीन पिढ्यांचा आहे. १ नोव्हेंबर १९५६ ला बेळगाव, खानापूर, निपाणी म्हैसूर राज्यात, म्हणजे आजच्या कर्नाटकात गेली, तेव्हा आजोबा ऐन उमेदीत होते. दरवर्षीचा तो काळा दिवस मी लहानपणापासून पाहत आलेय. माझा धाकटा इंग्रजी माध्यमात शिकतो, शाळेत त्याला कन्नड आहे, आणि मराठी तो अडखळत वाचतो. याचं मला दुःख आहे, आणि ते मी लपवत नाही. रोज रात्री दहा मिनिटं मराठी वाचायला बसवते, त्यात खंड पडू देत नाही. पण निपाणीच्या पेठेत त्या दिवशी वेगळंच घडलं. आईला फक्त मराठी वाचता येतं. पाट्यांवरची मोठी अक्षरं कन्नड. हा पोरगा आज्जीचा हात धरून एकेक पाटी लावून लावून वाचायला लागला. "ज-व-ळि अं-ग-डि." आई थांबली, दुकानाकडे बघितलं आणि म्हणाली, "जवळी म्हणजे कापड. आणि हे दुकान माझ्या लहानपणी पण कापडाचंच होतं." मग तोच खेळ झाला. तो अक्षर लावायचा, ती अर्थ सांगायची. आपण बोलतो ते तूप त्यांचं तुप्प, आपला अडकित्ताही त्यांच्याकडूनच आलेला, अण्णा-अक्का तर दोन्ही घरचे. ज्या पोराला मी घरी ओरडून वाचायला बसवते, तो आज्जीला पेठ वाचून दाखवत होता. पाट्यांचा प्रश्न यातून सुटला असं मी म्हणणार नाही. मराठीत पाटी असावी असं मला कालही वाटत होतं, आजही वाटतं. पण पोराला या मातीतल्या दोन्ही भाषा हव्यात हेही तितकंच वाटतं, आणि ते त्याला मॉलमध्ये मिळणार नाही.

निपाणी म्हटलं की तंबाखू. आईची आई, म्हणजे माझी आजी, वखारीत कामाला होती. तंबाखू चाळायची. घरी आली की लुगड्याचा वास जायचा नाही, आणि उतारवयात तिचा खोकला गेला नाही. हे मी ऐकलेलं होतं, पण आई त्या गल्लीत उभी राहून जेव्हा "इथनं बायका रांगेनं आत जायच्या" म्हणाली, तेव्हा थोरलीने पहिल्यांदा फोन खिशात घातला. वखारीच्या जागी आता कॉम्प्लेक्स आहे, खाली मोबाइलची दुकानं. आई पायरीवर बसली आणि १९८१ सांगायला लागली. त्या वर्षी शेतकरी संघटनेच्या शरद जोशींच्या मागे हजारो शेतकरी तंबाखूच्या भावासाठी इथल्याच महामार्गावर ठाण मांडून बसले होते. आई तेव्हा नवी नवरी, माहेरी आलेली, आणि रस्ता बंद म्हणून बेळगावला परतता येईना. घराघरांतून भाकऱ्या बांधून तिकडे जायच्या. शेवटी पोलिसांचा गोळीबार झाला, शेतकरी मेले. "आमच्या आईनं दोन दिवस चूल पेटवली नाही," एवढं बोलून ती उठली. ज्या रस्त्यावरून मी वीस वर्षं शंभरच्या वेगाने जातेय, तो रस्ता हाच. माझ्या मुलीला हे आठवीपर्यंत कुणी सांगितलं नाही, कारण मी सांगितलं नाही, कारण मी तिथं कधी थांबलेच नाही.

जेवण एका खानावळीत. सहा बाकडी, बाहेर पाटी सुद्धा धड नाही. शनिवार, आईचा मारुतीचा वार, म्हणून शाकाहारी. तव्यावरून थेट ताटात येणारी ज्वारीची भाकरी, भरली वांगी, झुणका, शेंगाचटणी, घट्ट दही, कांदा. वाढणाऱ्या काकू धाकट्याला म्हणाल्या, "साकु म्हणायचं नाही, मी म्हणेन तवा साकु." साकु म्हणजे पुरे. त्याने तीन भाकऱ्या खाल्ल्या. घरी एक खाताना मला त्याच्या मागे फिरावं लागतं. पाच जणांचं बिल त्या फूड कोर्टाच्या निम्म्यानेही नव्हतं. इथं मात्र एक सांगायला हवं: स्वस्त म्हणून जा असं मी म्हणत नाहीये. त्या काकू पहाटे उठून पीठ मळतात, आणि त्यांना आणखी दहा रुपये जास्त द्यायला माझी ना नाही.

दुपारी चपला. नवऱ्याला कोल्हापुरी हवी होती, आणि निपाणीत कोल्हापुरी कशी मिळेल हा त्याचा प्रश्न. एका बोळात चपला करणारे मामा बसले होते. त्यांनी मान वर न करता उत्तर दिलं, "कोल्हापुरात विकत्यात म्हणून कोल्हापुरी. करत्यात इकडं बी." थोरलीने फोनवर शोधून वाचलं: २०१९ साली कोल्हापुरी चपलेला जे भौगोलिक मानांकन मिळालं ते आठ जिल्ह्यांना मिळून आहे. कोल्हापूर, सांगली, सातारा, सोलापूर हे महाराष्ट्रातले चार आणि बेळगाव, बागलकोट, धारवाड, विजापूर हे कर्नाटकातले चार. मामांना ते माहीत होतं. "कागद आला, गिऱ्हाईक यायचंय," म्हणाले. बाभळीची साल आणि हिरडा घालून कमावलेलं कातडं, खिळा नाही, चामड्याच्या वादीची शिवण. पट्ट्यांवरच्या चामड्याच्या वेण्या घरातल्या बायका घालतात. तयार जोड होता, पण नवऱ्याच्या पायाला बसेना. तेव्हा त्यांनी जुन्या वर्तमानपत्रावर त्याचा पाय ठेवून पेन्सिलीने माप काढलं. धाकट्यालाही पाय मापून हवा होता. त्याचाही काढला. तीन आठवड्यांनी या म्हणाले.

आता ज्याच्यासाठी ही पोस्ट लिहायला बसले ते. दिवसभरातल्या एका गावात, कुठल्या ते मुद्दाम लिहीत नाही, आईला बाथरूमला जायचं होतं. अडुसष्ट वर्षांची बाई, मधुमेह. भर पेठेत, शंभर दुकानं, आणि बायकांना जायला एक जागा नाही. पुरुषांचं कसंही भागतं. एक सार्वजनिक जागा सापडली, तिला कुलूप. आई मला म्हणत होती, "असू दे गं, धरते." तिचा चेहरा बघून माझ्या डोळ्यांत पाणी आलं. शेवटी एका साडीच्या दुकानात शिरले आणि गल्ल्यावरच्या काकूंना स्पष्टच विचारलं. त्या एक शब्द न बोलता उठल्या, पडदा सरकवला आणि आईला हाताला धरून मागच्या घरात घेऊन गेल्या. परत आणताना चहा पाजूनच आणलं. आम्ही तिथं काही घेतलंही नव्हतं.

कुटुंबं महामार्गावरच्या फूड कोर्टात का थांबतात, याचं खरं उत्तर मला त्या दिवशी मिळालं. जेवणासाठी नव्हे. तिथं स्वच्छ बाथरूम असतं, गाडी लावायला जागा असते. पेठेकडे चव आहे, माल आहे, जिव्हाळा आहे, पण म्हाताऱ्या आईला आणि लहान मुलीला घेऊन येणाऱ्या बाईला चार तास तिथं थांबता येत नाही. मग गिऱ्हाईक तुटतं, आणि व्यापारी म्हणतो ऑनलाइनने मारलं. माझी सीमाभागातल्या प्रत्येक गावच्या व्यापारी मंडळींना हात जोडून विनंती आहे. गणपतीच्या मंडपाला, कमानीला, लाइटिंगला आपण वर्गणी काढतो. एकदा पेठेत बायकांसाठी दोन स्वच्छ संडास-बाथरूम आणि ते सांभाळणाऱ्या बाईचा पगार, एवढ्यासाठी वर्गणी काढा. दहा रुपये घ्या आमच्याकडून, वीस घ्या. आम्ही आनंदाने देऊ, आणि दिवसभर थांबू.

आणि बेळगावातल्या माझ्या मैत्रिणींनो, तुम्हीही एक शनिवार काढा. गोव्याला चार तास जातो आपण. गोकाकला धबधबा बघून थेट घरी येतो, करदंट, म्हणजे तिथली डिंक-सुक्यामेव्याची मिठाई, मात्र रस्त्यावरच्या पहिल्या दुकानात घेतो. गोकाकच्या आतल्या बाजारात रंगीत लाकडी फळं करणारे लोक आहेत, ते कधी बघितलेत? खानापूरची मातीची भांडी आपण बेळगावच्या प्रदर्शनात घेतो, खानापूर अर्ध्या-पाऊण तासावर असून.

मिरच्या गच्चीवर वाळत घातल्यात. काल आई आणि धाकटा देठं मोडत बसले होते, शिंकत शिंकत, आणि तो तिला विचारत होता की वखारीत पण अशाच शिंका यायच्या का.

चपला घ्यायला येत्या शनिवारी जायचंय. आईने सकाळीच बजावलंय, आपला बेळगावी खव्याचा कुंदा या वेळी एक किलो जास्त घे, त्या साडीच्या दुकानातल्या काकूंना द्यायचा आहे.